रुबेला : मातांच्या बोलण्यातून लागलेला शोध



इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. वर्गात मीही तेच शिकवतो. परंतु रोगांनाही इतिहास असतो. आज आपणांपुढे मांडत असलेला इतिहास तर अशा रोगाचा आहे की ज्याला कित्येक वर्षे कोणी रोग म्हणून फारसे मोजलेच नव्हते.

१९४१ सालच्या आरंभी, दुसरे महायुद्ध चालू असताना, ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी नॉर्मन मॅकॲलिस्टर ग्रेग या नेत्रतज्ज्ञांकडे तान्ही मुले येऊ लागली. दोन्ही डोळ्यांत दाट पांढरा मोतीबिंदू. जन्मतः मोतीबिंदू असणे अगदीच नवे नव्हते, पण एकाएकी इतकी मुले? शिवाय ही बालके वजनाने कमी होती, त्यांना दूध पाजणे कठीण जाई आणि बऱ्याच जणांच्या हृदयातही दोष आढळे. असे दोष आनुवंशिक असतात, ही त्या काळातील वैद्यकाची सर्वसाधारण समजूत होती. पण एका वर्षात गावोगावच्या निरनिराळ्या घराण्यांत एकदम तोच दोष कसा उपजेल?

असे सांगतात की, ग्रेग यांच्या दवाखान्यात पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या माता आपसांत बोलत होत्या. दिवस गेले असताना आपल्याला जर्मन गोवर आली होती, असे एकीने सांगितले. दुसरी म्हणाली, मलाही. ते बोलणे ग्रेग यांच्या कानी पडले आणि पुढे प्रत्येक मातेला ते हाच प्रश्न विचारू लागले. (जर्मन डॉक्टरांनी या रोगाचे प्रथम वर्णन केले म्हणून हे नाव पडले, महायुद्धाशी त्याचा संबंध नाही. आज त्याला रुबेला म्हणतात.) १९४० साली तेथे या रोगाची मोठी साथ येऊन गेली होती. थोडा ताप, अंगावर पुरळ, मानेमागे गाठी. तीन दिवसांत सारे शांत. असल्या आजाराची दखल कोण घेतो!

१५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्न येथे ग्रेग यांनी आपला निबंध वाचला. स्वतःची व सहकाऱ्यांची मिळून ७८ बालके. त्यांपैकी ६८ बालकांच्या मातांना गरोदरपणी, बहुतेकींना पहिल्या काही आठवड्यांतच, हा रोग झालेला होता. विद्वानांना हे सहजी पटले नाही. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने १९४४ साली देखील, हे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही, असा सूर लावला. बायकांच्या आठवणींवर शास्त्र कसे उभारावे, ही अडचण! असो.

उत्तर मिळाले ते जुन्या कागदांतून, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा भाग विशेष प्रिय आहे. लँकेस्टर नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५१ साली ऑस्ट्रेलियाच्या जुन्या जनगणना तपासल्या. १९११ च्या गणनेत मूकबधिरांची संख्या १० ते १४ या वयोगटात फुगलेली. १९२१ च्या गणनेत २० ते २४ या गटात. म्हणजे तीच माणसे, दहा वर्षांनी मोठी झालेली! त्यांच्या जन्माच्या सुमारास, १८९८-९९ मध्ये, रुबेलाची साथ होती. मोतीबिंदूप्रमाणे बहिरेपणाचे मूळही तेथेच निघाले.

१९६२ साली या रोगाचा विषाणू हाती लागला. मातेच्या रक्तातून तो वारेत आणि वारेतून गर्भात जातो. पहिल्या तीन महिन्यांत डोळा, कान, हृदय घडत असतात. तेव्हा त्याने गाठले तर इजा सर्वांत मोठी. १९६४-६५ च्या साथीनंतर एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बालके असे दोष घेऊन जन्मली. १९६९ साली तेथे लस निघाली.

आपल्या घरांतून आजही असे मूल जन्मले की, नजर लागली, साया पडला, ग्रहण पाळले नाही, अशी कुजबुज होते आणि बोल लागतो तो सुनेला. त्या बिचारीला तीन दिवसांचा ताप आठवतही नसतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातील शाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलामुलींना लस द्यावयाची होती. या लसीने मुले पुढे निपुत्रिक होतील, अशी अफवा काही वस्त्यांत फिरली आणि काही पालकांनी त्या दिवशी मुले शाळेत पाठविली नाहीत. आता पाहा, इराणने २००३ साली ५ ते २५ वर्षे वयाच्या सुमारे ३ कोटी ३० लाख लोकांना हीच लस टोचली. त्या मुलामुलींची लग्ने झाली, त्यांना मुलेही झाली.

मुलीला लस हवी हे समजले, मुलाला कशासाठी, असाही प्रश्न पालक करतात. घरात आई गरोदर असते आणि शाळेतून पुरळ घेऊन येतो तो बहुधा थोरला भाऊच. लस गरोदरपणी देत नाहीत. म्हणून ती आधीच, बालपणी घ्यावयाची. सरकारी दवाखान्यात पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांच्या व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या वयात विनामूल्य मिळते.