प्लेटीचे तोंड : क्लचच्या इतिहासाविषयी एक टिपण

मराठवाड्याचा आधुनिक इतिहास लिहिताना आपण बहुधा तीन सनांभोवती घोटाळत राहतो : १९४८, १९५६ आणि १९६०. राज्य कोणाचे गेले, सीमा कोठून आखली गेली, कोणत्या तालुक्याचे काय झाले, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात धर्माबादेतील एका अंगणात जुन्या मारुती ८०० चा झिजलेला क्लच स्वतःच बदलण्याचा खटाटोप आम्ही केला, तेव्हा या सनांच्या आसपास वावरणारा पण त्यांत न मावणारा आणखी एक इतिहास आहे, याची जाणीव आम्हांस झाली. त्या इतिहासाची दफ्तरे नाहीत. तो माणसांच्या हातांत आणि बोलण्यात आहे.

बोलण्यापासूनच सुरुवात करू. त्या दोन दिवसांत आमच्या तोंडी जी नामे आली ती जवळजवळ सगळी इंग्रजी होती : क्लच, गिअरबॉक्स, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, बेअरिंग. क्रियापदे मात्र एकजात इथली. क्लच घसरतो, धरत नाही, सोडत नाही, प्लेट जळते, गाडी ओढत नाही. ही क्रियापदे यंत्रासाठी घडवलेली नाहीत. चढावर बैल ओढत नाही, दोरी धरत नाही, पाय घसरतो, असे म्हणणाऱ्या भाषेने ती मोटारीला उसनी दिली. नाम परके आणि क्रियापद घरचे, ही वाटणी भाषाशुद्धीच्या चर्चेत फारशी विचारात घेतली जात नाही. आपण शब्द मोजतो ते नामेच.

बैलगाडीला क्लच नसतो, कारण बैल थांबू शकतो. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती सांगण्याचेही कुणाच्या मनात येत नाही. वाफेच्या इंजिनालाही क्लच लागत नाही. सिलिंडरात वाफ सोडली की चाक शून्यापासून फिरू लागते, बंद केली की थांबते. हैदराबादहून गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि धर्माबाद तिच्यावरचे स्थानक झाले, तेव्हा या गावाने यंत्र पाहिले. परंतु क्लच पाहिला नाही. पेट्रोलवर वा डिझेलवर चालणाऱ्या इंजिनाचा स्वभाव निराळा. ते शून्य वेगावर जोर देऊ शकत नाही. थांबले की मेलेच. म्हणून गाडी उभी असताना इंजिन फिरते ठेवायचे आणि मग फिरत्या गोष्टीची उभ्या गोष्टीशी हळूहळू गाठ घालून द्यायची, यासाठी मध्ये एक घर्षणाची चकती आली. ती काही क्षण घसरते, झिजते, तापते आणि मग धरते. झिजणे हा तिचा दोष नव्हे. ते तिचे कामच आहे.

या भागात मोटारीचे सार्वजनिक पर्व निजामाच्या राज्याने उघडले. १९३२ साली निजामाच्या सरकारी रेल्वेने रस्ते वाहतुकीचा विभाग काढला. सत्तावीस बसगाड्या आणि एकशे सहासष्ट नोकर, एवढा त्याचा आरंभीचा पसारा होता. गाड्या स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या होत्या. पुण्याहून नगरकडे पहिली एस.टी. धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. सरकारी बसच्या बाबतीत हैदराबाद संस्थान मुंबई प्रांताच्या पुढे होते, हे मराठवाड्याच्या मागासलेपणाची कहाणी सांगताना आपण सहसा विसरतो. १९५६ साली संस्थानाचे त्रिभाजन झाले, गाड्या आणि माणसे वाटली गेली, आणि मराठवाड्याच्या वाट्याची वाहतूक पुढे १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या मार्ग परिवहन महामंडळात आली. त्याच १९५६ मध्ये नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आदिलाबादेत गेला. धर्माबादेच्या शेजारचे बासर, म्हणजे सरस्वतीचे देऊळ, परराज्यात पडले. सुट्या भागांचे दुकान मात्र सीमा पाळत नाही. नांदेडात प्लेट मिळाली नाही तर निजामाबाद गाठायचे, हा हिशेब आजही धर्माबादेत सहज केला जातो.

आणि याच संस्थानात, यंत्रांना कोणत्या भाषेत बोलायचे यावर गंभीर विचार झाला होता. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. त्यासाठी आदल्याच वर्षी अनुवादाचे खाते, दारुल तर्जुमा, स्थापन झाले. विज्ञान, गणित, अभियांत्रिकी यांच्या संज्ञा उर्दूत घडवण्याचे काम तेथे चाले. संज्ञा अरबी धातूंतून काढाव्यात की बोलीच्या देशी प्रत्ययांनाही वाव द्यावा, हा वाद होता. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मधील ‘वज़्-ए-इस्तिलाहात’ या ग्रंथात दुसऱ्या पक्षाची बाजू घेतली. मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे ठाणे तेव्हा औरंगाबादेत होते, तेव्हा ही चर्चा आपल्याच अंगणातली म्हणावी लागेल. इकडे मराठीत सावरकरांनी ‘दूरध्वनी’, ‘महापौर’ असे शब्द दिले, पुढे भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांची रांग लावली. दोन भाषांचे दोन मोठे उद्योग. आणि धर्माबादेच्या गॅरेजात त्यांतले काहीही पोहोचले नाही. आम्ही हे उपहासाने म्हणत नाही. कोशकारांनी विद्यापीठासाठी शब्द घडवले. गॅरेजला विद्यापीठाची वाट पाहण्यास सवड नव्हती. गिऱ्हाईक रस्त्यावर उभे होते.

गॅरेजचा माणूस कोण, हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) सुतार-लोहारांची जागा ठरलेली आहे. आरे, तुंबा, धाव, आस हे शब्द आणि ते सांभाळणारी जात, दोन्ही बलुत्याने बांधलेली. मोटारीने ही बांधणी मोडली असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे असावे. नव्या धंद्याला वतन नव्हते, म्हणून मुसलमान, लोहार, दलित, जो कोणी उस्तादाच्या हाताखाली पाने देत उभा राहिला तो शिकला, हे खरे. पण कारखान्याच्या दारात जात बाहेर राहत नसे, हे बाबूराव बागुलांनी ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथासंग्रहाच्या शीर्षककथेत दाखवले आहे. तिचा नायक कामगारच आहे. यंत्राशी दोस्ती झाली तरी शेजारच्या कामगाराशी होतेच असे नाही. मराठी समीक्षेने या कथेतील जातीवर योग्य तेवढे लिहिले आहे. तिच्यातील कामावर, हातांच्या कौशल्यावर, फार कमी लिहिले आहे, असे आमचे मत आहे.

आता चकतीकडे. आरंभीच्या मोटारींत क्लच शंकूच्या आकाराचा असे आणि त्यावर चामडे चढवलेले असे. चामडे सुकले की क्लच धक्का देई, म्हणून त्याला एरंडेल पाजत. तेलकट झाले की तो घसरे, म्हणून त्यावर मुलतानी माती भुरभुरत. विलायतेतील शोफरच्या पेटीत आपल्या न्हाणीघरातील वस्तू निघावी, याची आम्हांस मोठी गंमत वाटली. पुढे चामडे गेले. इंग्लंडातील डर्बिशायर परगण्यात गाडीवान उतारावर ब्रेकच्या लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटांचे चामडे ठोकतात, हे पाहून हर्बर्ट फ्रूड याने १८९७ च्या सुमारास घर्षणाचे नवे अस्तर घडवण्यास आरंभ केला. आपल्याच नावाची अक्षरे उलटसुलट करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावाचे आद्याक्षर त्यात मिसळून त्याने ‘फेरोडो’ हे नाव केले. मुंबईत घाटकोपरला याच नावाचा कारखाना पुढे उभा राहिला. या अस्तरांत दीर्घकाळ ॲस्बेस्टॉस असे, कारण ते जळत नाही. त्याचे तंतू फुप्फुसात रुततात आणि माणूस वीस-तीस वर्षांनी धाप लागून झिजतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क जगण्याच्या हक्कात मोडतो असा निकाल दिला. तो कारखान्यांतील कामगारांसाठी होता. रस्त्याकडेच्या गॅरेजात गिअरबॉक्स उतरवल्यावर आतली काळी भुकटी तोंडाने फुंकून उडवणाऱ्या पोराची नोंद कोणत्या हजेरीपटावर असणार? आम्हीही आधी फुंकण्यासाठीच गाल फुगवले होते. जुन्या अस्तरात काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकणे, एवढे तरी करावे.

आमचा क्लच गेल्याची लक्षणे ठरलेली होती. चौथ्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडे आणि गाडी होती तिथेच. चाकांना दगड लावून, हँडब्रेक ओढून, वरच्या गिअरात क्लच सोडला, तरी इंजिन बंद पडेना. मग गाडीचे तोंड उचलून लाकडी ठोकळ्यांवर ठेवले. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणारा माणूस आम्ही पाहिला आहे, त्याचे अनुकरण करू नये. बॅटरीची तार काढली, गिअरबॉक्सचे तेल सोडले, क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, गिअरचे दांडे, स्टार्टर, असे एकेक सुटे केले. चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट ओढले. इंजिनाखाली फळी घालून टेकू दिला आणि गिअरबॉक्सचे बोल्ट सोडले. या लहान गाडीचा गिअरबॉक्स दोन माणसांनी पोटावर घेऊन उतरवता येतो. तो तिरपा न होता सरळ ओढावा लागतो, एवढेच त्यातले ज्ञान. ते वाचून कळत नाही.

प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल केले, तशी जुनी प्लेट हातात आली. अस्तर रिव्हेटांपर्यंत झिजले होते. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते. नवी प्लेट मध्यावर धरण्यासाठी आम्ही जुन्या शाफ्टचा तुकडा घातला, बोल्ट आवळले आणि संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा चढवले. इंजिन सुरू केले, क्लच दाबला, गिअर टाकू गेलो तर करकर आवाज. केबल ताणली, सैल केली. करकर तशीच.

शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले चाचा खाट टाकून बसले होते. दिवसभर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. तो आवाज ऐकून ते उठलेही नाहीत, म्हणाले, “गुरुजी, उसका मुँ उलटा है. खोलो फिरसे.”

प्लेटीला दोन बाजू असतात. स्प्रिंगांचा उंचवटा गिअरबॉक्सकडे यावा लागतो. तो फ्लायव्हीलकडे गेला की प्लेट मोकळी होत नाही. हे पुस्तकात होते आणि आम्ही वाचलेही होते. पण पुस्तकात ‘बाजू’ होती, ‘तोंड’ नव्हते. तोंड म्हटले असते तर नवरीचा पाट मांडताना करतो तशी दिशेची चौकशी आम्ही आपसूक केली असती. दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा उतरवले. या वेळी निम्मा वेळ लागला.

आम्ही चाचांना विचारले की जुन्या काळी प्लेट बदलत की अस्तर? अस्तर, ते म्हणाले. जुने रिव्हेट छिन्नीने उडवायचे, नवे लायनिंग ठोकायचे, प्लेट तीच. लोखंड टाकून देण्याची रीत नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्या तीस वर्षांत प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा तयार सेट खोक्यातून आणून बसवणे रूढ झाले आणि लहान गाड्यांपुरते रिव्हेट ठोकणारे हात मोकळे झाले. आमची जुनी प्लेट आम्ही भंगारात घालणार होतो. चाचांनी ती मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली, बोटाने तिच्या स्प्रिंगा दाबल्या आणि खाटेखाली ठेवून दिली.