जुगाराच्या डब्याच्या पोटात

जुगाराचं नाव काढलं की आमच्या मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी आजही तोंड फिरवतात. त्यामुळे जुन्या स्लॉट मशीन दुरुस्त करणाऱ्या छांदिष्टांबद्दल मी आवडीने वाचतो, हे सांगितलं की पहिला सवाल ठरलेला असतो: लोकांचा खिसा कापण्यासाठीच घडवलेला डबा वाचवायचा कशाला? सवाल रास्त आहे. जवाब त्या डब्याच्या पोटात आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 1891 साली सिटमन आणि पिट कंपनीने पाच नळकांड्यांचं एक यंत्र बाजारात आणलं. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, समोर पत्त्यांचा डाव थांबायचा. कॅटात पत्ते 52 असतात, नळकांड्यांवर मात्र 50च. इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम बहुधा वगळलेले असत. त्यामुळे सर्वांत मोठा डाव लागण्याची शक्यता थेट निम्मी होई. हे यंत्र स्वतः काही देत नसे. डाव लागला तर गुत्तेवाला बिअर किंवा सिगार हातावर ठेवी.

जिंकलेले पैसे आपले आपण मोजून देणारं तीन रिळांचं यंत्र सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने बनवलं, तेही त्याच दशकात. फे मूळचा बव्हेरियाचा, हाताचा पक्का कारागीर. त्याच्या 'लिबर्टी बेल'वर तीन घंटा जुळल्या तर दहा निकेल, म्हणजे 50 सेंट मिळत. 1906च्या भूकंपात त्याचा कारखाना गेला. पुढे हा धंदा शिकागोच्या मिल्स कंपनीने देशभर पसरवला. जुगारबंदी चुकवण्यासाठी 'हे तर च्युइंगम विकण्याचं यंत्र' असा बहाणा झाला आणि रिळांवर चेरी, संत्रं, लिंबू आले. फळांची ती चित्रं आजही टिकून आहेत. च्युइंगम केव्हाच गायब झालं.

मिल्सच्या यंत्राची मागची फळी काढली की सगळी यंत्रणा अख्खी बाहेर घेता येते. दुरुस्ती करणाऱ्याला समोर दिसतं ते असं. नाणं पडल्याशिवाय दांड्याचा अडसर सुटत नाही. दांडा ओढताना स्प्रिंग ताणली जाते आणि रिळांना झटका बसतो. मग पंख्याचं एक छोटं घड्याळ वेळ मोजतं आणि तीन खटके एकामागून एक सोडतं. प्रत्येक रिळाच्या बाजूला 20 खाचांचं चाक असतं. खटका ज्या खाचेत पडेल तिथे रीळ थांबतं. त्यानंतर लोखंडी बोटं रिळांच्या चकत्यांवरची भोकं चाचपतात. भोकं जुळली तर खालच्या पट्ट्या सरकतात आणि नळीतली नाणी पन्हाळीत पडतात. वीज नाही, बॅटरी नाही. जुनं तेल घट्ट होऊन सगळं अडकलेलं असतं, ते धुऊन काढण्यातच या छंदाचे निम्मे दिवस जातात.

आता हिशेब. 20 गुणिले 20 गुणिले 20, म्हणजे रिळं थांबण्याच्या 8000 तऱ्हा. एखादं चिन्ह प्रत्येक रिळावर एकदाच असेल, तर तिन्ही जुळण्याची संधी 8000 मध्ये एक. हा आकडा कुठल्या वहीत नसतो, तो चकतीत भोकं पाडूनच ठरवलेला असतो. म्हणून रिळांवरची कागदी पट्टी बदलताना फार जपावं लागतं. दुसऱ्या नमुन्याची पट्टी चिकटवली, तर काचेत तीन चेरी दिसतात आणि पन्हाळीत एक नाणं येत नाही.

आणि कधीकधी खाचांच्या चाकावर रिव्हेट मारलेला एक लहानसा तुकडा सापडतो. अमेरिकन लोक त्याला 'बग' म्हणतात. हा तुकडा एक खाच बुजवतो. मग मोठं बक्षीस देणारं चिन्ह खिडकीतून झरझर जाताना दिसतं, तिथे थांबत मात्र कधीच नाही. 8000 मधली ती एक संधी शून्य होते आणि खेळणारा 'थोडक्यात हुकलं' म्हणत पुढचं नाणं टाकतो.

लबाडी एका बाजूचीच नव्हती. 1949च्या सुमारास नेवाडात काही खेळाडूंनी त्या छोट्या घड्याळाची चाल ओळखली. पंखा इतका नेमाने फिरे की ठरावीक वेळ थांबून दांडा ओढला तर रिळं कुठे थांबतील याचा अंदाज बांधता येई. मालकांना घड्याळाची नियमितता मोडणारा नवा भाग बसवावा लागला. यंत्र फार चोख होतं, हीच त्याची अडचण झाली!

सरकारने मध्यंतरी घण उचलला होता. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी 1934 मध्ये छायाचित्रकारांसमोर ही यंत्रं फोडली आणि समुद्रात बुडवली. 1951च्या जॉन्सन कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात त्यांची ने-आण रोखली. आज कॅलिफोर्नियात 25 वर्षांहून जुनं यंत्र घरात ठेवता येतं, त्यावर बेकायदा जुगार खेळला नाही तर. एकच डबा, वयाने गुन्ह्यातून सुटलेला. मला हा कायदा समजूतदार वाटतो.

शौकिनांपुढचा खरा पेच वेगळा आहे: बग सापडला तर काय करायचं? काढला की यंत्र 'प्रामाणिक' होतं, नव्या निकेलच्या मुलाम्याखाली झळकतं, चांगल्या किमतीला जातं. माझं मत विचाराल तर तो तुकडा जिथे आहे तिथेच राहू द्यावा. ती रिव्हेट म्हणजे कुणाच्यातरी बेइमानीचा दस्तऐवज आहे, आणि इतका स्पष्ट दस्तऐवज इतिहासात क्वचित मिळतो. मूळ मुलामा घासून काढणाऱ्यांचाही मला राग येतो, पण तो विषय लांबेल.

1963 मध्ये बॅलीचं 'मनी हनी' आलं आणि यंत्रात वीज शिरली. 1984 मध्ये इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत पेटंट मिळालं. रीळ कुठे थांबणार हे संगणकाने आकडा काढून ठरवायचं, रिळाने फक्त तिथे जाऊन उभं राहायचं. दिसणारं रीळ आखूड, संगणकातलं हवं तितकं लांब. बक्षिसाचं चिन्ह काचेत वारंवार जवळून गेलं तरी त्याची खरी संधी कितीही लहान ठेवता येते. बग चोरून बसवावा लागत असे. याचं पेटंट होतं.

गोव्याने 1992 मध्ये कायदा दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, तेव्हा कायद्यात शब्द होता 'इलेक्ट्रॉनिक'. त्या यंत्रांची मागची फळी कुणी काढलीच, तर आत चिप आणि तारा दिसतील. स्क्रूड्रायव्हर घेऊन मोजावी अशी खाच तिथे नाही.