जुन्या पडद्याची किमया

'मारिओ', 'कॉन्ट्रा' यांसारखे जुने व्हिडिओ गेम आजच्या सपाट पडद्यावर पाहिले, की चित्रे ओबडधोबड चौकोनांची वाटतात. १९९० च्या दशकात 'ओनिडा' वा 'व्हिडिओकॉन'च्या संचांवर तीच चित्रे इतकी खडबडीत भासत नसत. हा फरक स्मृतीचा नव्हे, पडद्याचा आहे.

जुन्या संचात काचेची पिक्चर ट्यूब असे. इलेक्ट्रॉनांचा झोत तिच्या आतील फॉस्फरच्या लेपावर ओळीमागून ओळ फिरे आणि पडदा उजळे. भारतातील 'पाल' पद्धतीत चित्राच्या ६२५ ओळी दोन टप्प्यांत, एकाआड एक रेखाटल्या जात. १९८३ मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या 'फॅमिली कॉम्प्युटर'चे चित्र मात्र अवघे २५६ बाय २४० ठिपक्यांचे होते. हे यंत्र दर वेळी त्याच ओळी उजळवी. मधल्या जागी काळ्या रेषा राहत. ठिपक्यांच्या कडाही प्रकाशात विरघळून चित्र मऊ होई.

चित्रकारांनी या उणिवेलाच हाताशी धरले. सेगाच्या 'सॉनिक द हेजहॉग'मध्ये (१९९१) धबधबा एकाआड एक उभ्या रेषांनी काढला आहे. साध्या व्हिडिओ केबलमधून येताना त्या रेषा एकमेकींत मिसळत आणि पाणी पारदर्शक दिसे. एलसीडीवर त्या सुट्या उभ्या राहतात. 'डक हंट'ची बंदूक तर पिक्चर ट्यूबच्या प्रकाशाच्या अचूक वेळेवर विसंबलेली असल्याने नव्या पडद्यावर निकामीच ठरते.

आज संगणकावर काळ्या रेषांची नक्कल करता येते. तथापि घरगुती संचांच्या ट्यूबचे उत्पादन जवळजवळ थांबले आहे. त्यामुळे भंगारात जाणाऱ्या प्रत्येक संचाबरोबर ही चित्रे मूळ रूपात पाहण्याची एक संधी नाहीशी होते.