हिरवा ठिपका असलेली खारी, बिस्किटं व्हेगन असतात का? बेकरीचा मोह कसा आवरायचा?

व्हेगन व्हायचं ठरवलं की पहिले दोन-तीन दिवस बरे जातात. दूध बंद, दही बंद, तूप बंद. मग संध्याकाळी कुणीतरी चहाबरोबर खारी नाहीतर नानकटाई पुढे करतं आणि निश्चय डळमळतो.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी असलेल्या बोरी बुद्रुकसारख्या गावात तर हे आणखी अवघड. जुन्नर-आंबेगाव हा दूधदुभत्याचा पट्टा. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरला पराग मिल्क फूड्सचा मोठा दूध प्रकल्प आहे. ज्या घरात दुधाचा पैसा येतो, तिथे 'मला दूध नको' म्हणणं सोपं नसतं. त्यात बेकरीच्या कोणत्या पदार्थात दूध आहे, हे नुसतं बघून कळत नाही.

व्हेगन म्हणजे नेमकं काय?

मांस, मासे, अंडी यांच्यासोबत दूध, दुधाचे पदार्थ आणि मधही न खाणं म्हणजे व्हेगन आहार. १९४४ साली ब्रिटनमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा शब्द रूढ केला.

आपल्याकडे 'शाकाहारी' म्हटलं की दूध आलंच. इथेच घोळ होतो.

हिरव्या ठिपक्याचा अर्थ काय?

पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे 'शाकाहारी'. 'व्हेगन' नव्हे. भारतीय नियमांनुसार अंडं असलेला पदार्थ मांसाहारी ठरतो, पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मध असूनही हिरवा ठिपका मिळतो. त्यामुळे 'एगलेस' केकमध्ये लोणी, दही किंवा कंडेन्स्ड मिल्क असू शकतं.

व्हेगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ मध्ये वेगळे नियम आणले. त्यासाठी 'व्ही' अक्षर आणि पान असलेलं हिरवं चिन्ह आहे. ते नसेल तर मागची घटकांची यादी वाचा. मिल्क सॉलिड्स, मिल्क पावडर, व्हे, केसीन, बटर यांपैकी काही दिसलं, तर त्यात दूध आहे. दुधाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी 'कन्टेन्स मिल्क' ही सूचनाही छापलेली असते. ती आधी शोधली तर काम लवकर होतं.

बेकरीत कशात काय असतं?

• पाव: मूळ कृतीत मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, थोडी साखर आणि तेल. म्हणजे व्हेगन. काही ठिकाणी मिल्क पावडर घालतात किंवा वरून लोणी लावतात.
• खारी: अनेक बेकऱ्यांत वनस्पती तूप, म्हणजे आपला 'डालडा' वापरतात. तो व्हेगन असतो. 'बटर खारी'मध्ये लोणी असू शकतं.
• नानकटाई: साजूक तुपाची किंवा डालड्याची. विचारल्याशिवाय कळत नाही.
• टोस्ट आणि ग्लुकोज बिस्किटं: यांत अनेकदा दूध पावडर असते.
• श्रूजबेरी: पुण्याच्या कॅम्पातल्या, १९५५ पासूनच्या कयानी बेकरीमुळे प्रसिद्ध झालेलं हे बिस्किट लोण्याचंच.
• मावा केक: मावा म्हणजे आटवलेलं दूध. व्हेगन नाहीच.

सुट्या मालावर यादी नसते. तेव्हा बेकरीवाल्याला दोनच प्रश्न विचारा: "दादा, यात डालडा आहे की बटर? दूध पावडर घालता का?"

मोह इतका का होतो?

लोणी साधारण शरीराच्या तापमानाला वितळतं. म्हणून ते जिभेवर विरघळतं. भाजताना त्यातला दुधाचा अंश तांबूस होतो आणि तो खमंग वास सुटतो. त्यात मैदा, साखर आणि मिठाची जोड.

दुसरं कारण सवयीचं. आपली खारी एकटी नसते, चहाबरोबर असते. गंमत म्हणजे डालड्याची खारी व्हेगन असू शकते, पण ती ज्यात बुडवतो तो दुधाचा चहा व्हेगन नसतो.

तिसरं कारण भूक. दूध-दही सोडलं आणि त्याऐवजी काही घेतलं नाही, तर संध्याकाळी पोट रिकामं असतं.

मग करायचं काय?

दुपारच्या जेवणात उसळ, डाळ, शेंगदाणे वाढवा. चारच्या सुमारास भाजलेले चणे किंवा शेंगदाण्याचा लाडू खा. चहा कोरा, आलं-गवती चहा घालून किंवा सोया दुधाचा करून पाहा.

घरी नानकटाई करताना तुपाऐवजी खोबरेल तेल वापरता येतं. खाण्याचं आणि थंडीत गोठलेलं असेल तर उत्तम. केकमध्ये एका अंड्याऐवजी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घाला.

आणि आपल्याच ताटाकडे बघा. बाजरीची भाकरी, तेलावरचं पिठलं, ठेचा आणि जुन्नर भागातली बेसन, खोबरं, तिळाची मासवडी. नावात मास असलं तरी मासवडी व्हेगन आहे. घरच्यांशी वाद न घालता त्यांच्यासोबत जेवायचं असेल, तर यासारखा मार्ग नाही.

व्हेगन बिस्किट म्हणजे पौष्टिक बिस्किट का?

नाही. त्यातही मैदा आणि साखर असतेच. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर भारतात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. तरीही डालड्याची खारी रोज खाण्याची गोष्ट नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. दूधही सोडणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने बी-१२च्या गोळ्या घ्यायला हव्यात. खारीचा एक तुकडा खाल्ला म्हणून तब्येत बिघडत नाही, पण बी-१२ची कमतरता दुर्लक्षित राहिली तर नसांना इजा होऊ शकते.

एखाद्या दिवशी मोह आवरला नाही तर?

व्हेगन सोसायटीच्या व्याख्येतच 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असे शब्द आहेत. एक नानकटाई खाल्ली म्हणून 'आता सगळंच मोडलं' समजून सोडून देण्याची गरज नाही. पुढचं जेवण ठरल्याप्रमाणे घ्या. आणि पुढच्या वेळी बेकरीत पाकीट उलटून बघा.