डोकेदुखीची नावे आणि निरौषध उपचार

डोकेदुखी हा शब्द व्याकरणदृष्ट्या एकवचनी आहे. परंतु त्याने निर्दिष्ट होणारी पीडा एक नाही. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संस्थेने १९८८ साली आपले पहिले वर्गीकरण प्रसिद्ध केले व २०१८ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली. त्यातील प्रकार आणि उपप्रकार मोजू गेल्यास संख्या शंभराच्या पुढे जाते. यांपैकी ज्या दोन प्रकारांनी बहुसंख्य लोक पीडित असतात, त्या अर्धशिशी व ताणजन्य डोकेदुखी यांचे निदान करणारी रक्तपरीक्षा किंवा यंत्रचित्र आजही उपलब्ध नाही. वैद्याला रोग्याच्या कथनावरच विसंबावे लागते. ज्या रोगाचे निदान शब्दांवर अवलंबून आहे, त्याच्या उपचारांचा इतिहास शब्दांच्या इतिहासापासून वेगळा काढता येणार नाही, हे उघड आहे. औषधावाचून करावयाच्या उपायांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. या उपायांचे वर्णन बहुधा ‘डोकेदुखीवर गुणकारी’ एवढ्यावरच थांबते. कोणत्या डोकेदुखीवर, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

प्राचीन भारतीय वैद्यांनी हा प्रश्न विचारला होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले आहेत. त्यांपैकी पहिले काही वात, पित्त, कफ इत्यादींच्या चौकटीत बसविलेले असल्यामुळे फारसे बोलके नाहीत. सूर्यावर्त, अनंतवात, अर्धावभेदक आणि शंखक या उरलेल्या नावांचे तसे नाही. ‘सूर्यावर्त’ हे नाव काळावरून पडले आहे: सूर्य चढतो तशी ही व्यथा चढते व तो उतरू लागला की उतरते. ‘अर्धावभेदक’ हे स्थानावरून पडलेले नाव होय. आणि त्याच्याविषयी सुश्रुताने असेही नोंदविले आहे की ही वेदना पंधरवड्याने, दहा दिवसांनी किंवा अकस्मात उद्भवते. ‘शंखक’ म्हणजे कानशिलाचा रोग. तो तीन रात्रींत प्राण घेतो, अशी चरकसंहितेची ताकीद आहे. अमुक व्यथा पुन्हा पुन्हा येणारी आहे आणि तमुक व्यथा मारक आहे, हा भेद नावांच्या पातळीवरच केलेला होता, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सूर्यावर्त म्हणजे आजचा अमुक रोग असे समीकरण मांडण्याची हौस अलीकडे दिसते. तिला मात्र आवर घातलेला बरा. जुन्या नावाची व्याप्ती नव्या नावाच्या व्याप्तीशी क्वचितच तंतोतंत जुळते.

अर्धावभेदकाची कारणे चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात दिली आहेत. रूक्ष अन्न, अतिभोजन, पहिले जिरण्यापूर्वी पुन्हा जेवणे, पूर्वेचा वारा, दहिवर, मैथुन, मलमूत्रादि वेगांचा अवरोध, अतिश्रम व व्यायाम अशी ती यादी आहे. आजचे वैद्यही अर्धशिशीच्या रोग्यास झटक्यांची टिपणवही ठेवावयास सांगतात. जेवण, झोप, हवामान, श्रम यांची नोंद करून कशानंतर डोके उठते हे पाहावयास लावतात. या दोन्हींमागील दृष्टी एकच आहे. तपशिलात मात्र एक सूचक फरक आढळतो: चरकाचा कटाक्ष अधिक व अवेळी खाण्यावर आहे, तर आज जेवण चुकणे हे कारण आवर्जून सांगितले जाते. कारण टाळणे, म्हणजे निदानपरिवर्जन, हा आयुर्वेदाच्या चिकित्सेचा आरंभ होय व तो पूर्णतः निरौषध आहे. एवढ्यावरून आयुर्वेदाचा शिरोरोगविचार औषधविरहित होता असे मात्र कोणी समजू नये. नस्य, तूप, तेल, लेप यांनी ती प्रकरणे भरलेली आहेत. कपाळ, भुवया व कानशील येथे डाग देण्याचा, म्हणजे अग्निकर्माचा विधीही सुश्रुताने सांगितला आहे. तोही औषधावाचूनचाच उपाय. परंतु निरौषध म्हणजे सौम्य, हा समज त्याने खोटा ठरतो.

मराठीने यांपैकी एकच कल्पना रोजच्या बोलीत टिकविली, आणि तीही वेगळ्या शब्दाने. ‘अर्धावभेदक’ पोथीत राहिला; घरोघरी रुजली ती ‘अर्धशिशी’. संस्कृत ‘शीर्ष’ याचे प्राकृत रूप ‘सीस’. मराठीत इकारापूर्वीचा स हा तालव्य श होतो, म्हणून ‘शिशी’. हिंदीत ‘सीखना’ आणि मराठीत ‘शिकणे’ असा जो फरक दिसतो, तोच हिंदी ‘आधासीसी’ व मराठी ‘अर्धशिशी’ यांतही आहे. मौज अशी की हिंदीने पहिले पदही झिजवून ‘आधा’ केले, तर मराठीने ‘अर्ध’ जसेच्या तसे ठेवून दुसरे पद तेवढे झिजविले.

ग्रीकांनी याच व्यथेला ‘हेमिक्रानिया’ म्हटले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील गेलेन याच्या ग्रंथांतून हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि फ्रेंचच्या वाटेने त्याचे ‘मायग्रेन’ झाले. ‘हेमि’ म्हणजे अर्धे. संस्कृतातील ‘सामि’ हा त्याचा सगोत्र शब्द. ‘क्रानिऑन’ म्हणजे कवटी. तो आणि ‘शीर्ष’ हे दोन्ही शब्द एकाच मूळ धातुरूपातून आलेले आहेत. ग्रीक क आणि संस्कृत श यांचा हा संबंध ‘देका’ व ‘दश’ या जोडीत सर्वपरिचित आहे. या साम्यावरून एका वैद्यकाने दुसऱ्याकडून शब्द उचलला असा निष्कर्ष काढता येत नाही. डोक्याचा अर्धा भाग दुखत असता त्याला अर्धे डोके म्हणावयास परक्याची मदत लागत नाही.

रोमन वैद्यकातील एक उपाय या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. सम्राट क्लॉडियसच्या काळातील स्क्रिबोनिअस लार्गस याने इसवी सन ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधसंग्रहात, जुनाट व असह्य डोकेदुखीवर जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी ठेवावा आणि वेदना थांबून ती जागा बधिर झाली की काढून घ्यावा, असे सांगितले आहे. मासा जिवंत असावा लागतो, असे गेलेनही नोंदवितो. या माशाच्या अंगी विजेचा धक्का देण्याची शक्ती आहे हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. ती गोष्ट जॉन वॉल्श याच्या प्रयोगांनी १७७२ मध्ये उघड झाली. ग्रीकांनी माशाला ‘नार्के’, म्हणजे बधिरता, हे नाव दिले होते. पुढे याच मूळापासून ‘नार्कोटिक’ हा गुंगीच्या औषधांचा वाचक शब्द बनला. निरौषध उपचाराचे एक आद्य साधन आणि औषधांचा एक मोठा वर्ग अशा रीतीने एकाच शब्दकुळातील ठरतात.

विजेचा हा उपाय पुन्हा नावारूपाला आला तो एकविसाव्या शतकात. कपाळावर बसवून भुवईवरील मज्जातंतूस सौम्य विद्युत्प्रवाह देणाऱ्या एका उपकरणाची परीक्षा बेल्जियममध्ये ६७ रोग्यांवर झाली व तिचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झाले असे रोगी खऱ्या उपकरणाच्या गटात सुमारे ३८ टक्के, तर नकली उपकरणाच्या गटात सुमारे १२ टक्के निघाले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी त्यास मान्यता दिली. मासा आणि उपकरण यांत वीज समान आहे. भेद आहे तो असा की मासा कोणत्याही डोक्यावर ठेवला जाई, उपकरणाची परीक्षा मात्र एका नामनिर्दिष्ट व्याधीवर झाली. म्हणूनच त्याचे यश किती आणि अपयश किती, हे सांगता येते.

ताणजन्य डोकेदुखीची कथा याहून निराळी आहे. येथे उपचाराची कल्पना नावातच दडलेली आहे: ताण असेल तर तो सैल करावा. एडमंड जेकबसन याने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एकेक स्नायुसमूह प्रथम आवळून मग सैल सोडण्याची पद्धती मांडली. १९७० मध्ये बडझिन्स्की, स्टोयव्हा व ॲडलर यांनी कपाळाच्या स्नायूंतील विद्युत्क्रिया ध्वनीच्या रूपाने रोग्यालाच ऐकवून ते सैल करावयास शिकविले. बायोफीडबॅक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीला अर्धशिशीच्या क्षेत्रात नेले ते अमेरिकेतील टोपेका येथील मेनिंजर संस्थेने. हाताची बोटे मनाने उबदार करावयाची, म्हणजे रक्ताचा ओघ तिकडे वळून डोके हलके होईल, अशी तेथील कल्पना होती. याच संस्थेत १९७० मध्ये एल्मर ग्रीन यांच्यासमोर स्वामी राम यांनी आपल्या एकाच तळहाताच्या दोन बाजूंचे तापमान भिन्न करून दाखविले होते. सार्जंट, ग्रीन व वॉल्टर्स यांचा डोकेदुखीवरील प्राथमिक अहवाल १९७२ मध्ये निघाला.

कल्पना सुबक होती. परंतु १९८० मधील एका परीक्षेत बोटे उबदार करावयास शिकविलेला गट व उलट थंड करावयास शिकविलेला गट यांच्यात अपेक्षित फरक आढळला नाही. रक्ताच्या ओघाची उपपत्ती डळमळली, उपचाराचा उपयोग मात्र नाहीसा झाला नाही. बायोफीडबॅक व शिथिलीकरण आजही अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी सुचविले जातात. जर्मनीत ३०२ अर्धशिशीग्रस्तांवर झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सूचिवेधाच्या परीक्षेने हाच पेच अधिक ठळकपणे पुढे आणला. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्के, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ५३ टक्के आणि नुसते वाट पाहात राहिलेल्यांपैकी १५ टक्के रोग्यांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा अधिक घटले. पुढील अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणात खऱ्या सुयांच्या बाजूने थोडासा कौल मिळाला, पण तो थोडासाच. या आकड्यांनी बिंदूंच्या शास्त्राची बाजू दुबळी होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ५३ आणि १५ यांमधील अंतर ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावणे हेही शास्त्रीय वृत्तीचे लक्षण नव्हे.

योगाच्या बाबतीत महाराष्ट्राचा संबंध जुना आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली परीक्षा त्याच मार्गावरची म्हणावी लागेल. तीन महिने अभ्यास पुरा करणाऱ्या ११४ अर्धशिशीग्रस्तांपैकी केवळ औषध घेणाऱ्यांपेक्षा औषधाबरोबर योग करणाऱ्यांना अधिक गुण आला. येथे ‘बरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो गाळून या परीक्षेचा दाखला दिल्यास तिचा अर्थ उलटा होतो.

औषध वगळणे हाच उपचार ठरावा, असाही एक प्रकार आहे आणि या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण तेच होय. अर्गट बुरशीतून १९१८ मध्ये वेगळे काढलेले अर्गोटामाइन हे अर्धशिशीवरील पहिले प्रभावी औषध ठरले. परंतु १९५१ मध्ये पीटर्स व हॉर्टन यांनी त्याच्या अतिसेवनाने पीडित झालेल्या रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली: औषधच पुढची डोकेदुखी घडवीत होते. आजच्या वर्गीकरणात ‘औषधातिसेवनजन्य डोकेदुखी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. मुळात डोकेदुखीचा विकार असलेल्या माणसाने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा अर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास हा प्रकार संभवतो. या प्रकाराला स्वतंत्र नाव नव्हते तोवर वाढत्या दुखण्याला वाढती गोळी हाच क्रम रोग्यास स्वाभाविक वाटे. उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. उतारवयात नव्यानेच कानशील दुखू लागले, केसांना हात लावणे सोसेना, चावताना जबडा भरून येऊ लागला, तर ती कानशिलातील रोहिणीची दाहयुक्त विकृती असू शकते. तेथे स्टेरॉइडचा उपचार लांबणीवर टाकून शिथिलीकरण करीत बसल्यास दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो.

वर्गीकरणाचे निकष पाहिले असता बोलीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. वेदना स्पंदनशील आहे की दाबल्यासारखी, एका बाजूस आहे की दोन्ही, हालचालीने वाढते की नाही, सोबत मळमळ आहे काय, असे ते प्रश्न आहेत. मराठी बोलणारा माणूस ‘डोके दुखते’ एवढेच म्हणत नाही. त्याचे डोके ठणकते, जड होते, भणभणते, फुटते. कानशिलात सणक येते. पित्ताने डोके चढते आणि उलटी झाली की उतरते. ‘ठणकणे’ व ‘जड होणे’ यांतील भेद हा जवळजवळ पहिल्या निकषातील भेदच आहे. आणि ‘पित्ताने चढलेले डोके’ या वर्णनाखाली कितीतरी अर्धशिशी दडलेली असते. ती उपासाने, जागरणाने व उन्हाने उद्भवते हेही घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. दवाखान्यात मात्र ही सगळी क्रियापदे ‘डोकेदुखी’ या एका नामात गोळा होतात आणि केसपेपरावर तेवढीच उतरतात.