मैदान आधी जिंकावे लागते : शिकागोच्या मोफत ब्लूज महोत्सवाचा इतिहास

अमेरिकेतल्या शिकागो शहरात दरवर्षी जून महिन्यात ब्लूज संगीताचा महोत्सव भरतो. मिशिगन सरोवराजवळच्या सार्वजनिक उद्यानात, उघड्या आकाशाखाली आणि मोफत. जगातला सर्वात मोठा मोफत ब्लूज महोत्सव अशी त्याची जाहिरात शहर प्रशासन स्वतः करते. पर्यटकांसाठी ही उन्हाळ्यातली संगीताची मेजवानी आहे. चळवळीतल्या माणसाने मात्र तिथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या शहरात सरोवराच्या पाण्यात तरंगणाऱ्या कृष्णवर्णीय मुलाला दगड मारून बुडवले गेले, त्या शहराने त्याच समाजाच्या गाण्यासाठी सरोवराकाठचे मैदान कसे काय उघडले?

शहराला उपरती झाली म्हणून हे घडले नाही. १९८२ मध्ये एक बहिष्कार झाला, १९८३ मध्ये एक निवडणूक जिंकली गेली आणि १९८४ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. हा क्रम उलटा होऊच शकला नसता. म्हणून हा संगीताचा जितका इतिहास आहे, तितकाच तो सत्तेचाही आहे.

शेतातून शहराकडे

ब्लूजचा जन्म मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांत झाला. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन मालकाकडेच राहिली. गुलामाचा वाटेकरी झाला. बी-बियाणे, अवजारे, खायचे धान्य सगळे मालकाच्या दुकानातून उधार घ्यायचे आणि हंगामाच्या शेवटी हिशेबही मालकानेच करायचा. वर्षभर राबून माणूस कर्जातच राहायचा. आपल्या आजोबा-पणजोबांना सावकाराची वही ठाऊक होती, त्यामुळे ही व्यवस्था आपल्याला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. त्या शेतातला माणूस दिवसभर जे बोलू शकत नव्हता, ते तो रात्री गाण्यातून बोलत होता.

मग त्याने गाव सोडले. साधारण १९१६ ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिणेतून उत्तरेकडे व पश्चिमेकडे निघून गेली. इतिहासात याला महास्थलांतर म्हणतात. १९१० मध्ये शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या ४४ हजारांच्या आसपास होती, १९७० पर्यंत ती दहा लाखांवर गेली. या स्थलांतरामागे एका वृत्तपत्राचा मोठा वाटा आहे. रॉबर्ट अ‍ॅबट यांनी १९०५ मध्ये सुरू केलेले 'शिकागो डिफेंडर' रेल्वेतले कृष्णवर्णीय पोर्टर लपवून दक्षिणेत पोहोचवत. जिथे ते विकणे धोक्याचे होते तिथे एक अंक अनेकांच्या हातून फिरायचा, एक जण वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' कसे वाचले गेले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना या अंकाची किंमत कळेल.

'खेडे सोडा, शहराकडे चला' हा विचार बाबासाहेबांनी आपल्याला दिला. शिकागोची कहाणी सांगते की तो बरोबर होता, पण शहरही फुकटात माणूस बनवत नाही.

पाण्यावरची रेघ

२७ जुलै १९१९. प्रचंड उकाडा. युजीन विल्यम्स हा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मित्रांसोबत सरोवरात तराफ्यावर तरंगत होता. तरंगत तरंगत तो गोऱ्यांनी स्वतःचा मानलेल्या पाण्याकडे गेला. काठावरून एका गोऱ्याने दगड मारले आणि युजीन बुडाला. पोलिसाने त्या माणसाला अटक करायला नकार दिला. पुढे उसळलेल्या दंगलीत ३८ माणसे मेली. त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय होती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या किनाऱ्यावर कायद्याने कोणतीही विभागणी नव्हती. सार्वजनिक ठिकाणी भेदभावाला मनाई करणारा कायदा इलिनॉय राज्यात १८८५ पासून होता. शहराच्या मध्यभागातली सरोवराकाठची जमीन तर १८३६ च्या नकाशातच सर्वांसाठी कायम खुली म्हणून नोंदवलेली होती. आज जिथे ग्रँट पार्क आहे, ती हीच जागा. कागदावर सगळे सर्वांचे होते. रेघ फक्त पाण्यावर आणि डोक्यात होती.

महाडला वेगळे काय होते? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिले, तळे सवर्णांकडे राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर चालत गेले तेव्हा ते पाणी खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले. सार्वजनिक जागा नोंदीने सार्वजनिक होत नाही. तिथे पाय ठेवण्याची ताकद असलेला समाज तिला सार्वजनिक करतो.

रस्त्यावरचे मोफत गाणे

महोत्सव १९८४ चा असला, तरी शिकागोत ब्लूज मोफत आणि उघड्यावर ऐकण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे. मॅक्सवेल स्ट्रीटवर दर रविवारी बाजार भरायचा. स्थलांतरित ज्यू व्यापाऱ्यांची दुकाने, जुन्या कपड्यांचे ढीग, खाण्याच्या गाड्या आणि नुकतीच दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय माणसे. गर्दीत आवाज पोहोचावा म्हणून गायकांनी गिटार विजेवर नेली. आजूबाजूच्या दुकानातून किंवा घराच्या खिडकीतून वायर ओढायची, अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि गायचे. ऐकणारे टोपलीत नाणी टाकायचे. लिटल वॉल्टर, रॉबर्ट नाइटहॉक असे मोठे कलावंत या रस्त्यावर वाजवत होते. १९६४ मध्ये या बाजारावर चित्रित झालेल्या माहितीपटाचे नावच 'अँड धिस इज फ्री' आहे.

या साऱ्या प्रवासाचा चेहरा म्हणजे मडी वॉटर्स. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर राबणारा हा माणूस १९४३ मध्ये शिकागोला आला आणि त्याने शहराच्या ब्लूजला आवाज दिला. त्याआधी, १९४१ मध्ये, मळ्यावरच्या त्याच्या झोपडीत त्याचे पहिले ध्वनिमुद्रण झाले होते. त्याचे श्रेय जगाने अ‍ॅलन लोमॅक्स या गोऱ्या संशोधकाला दिले. पण तो प्रकल्प फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठासोबत झाला होता. जॉन वर्क हे संगीताचे अभ्यासक आणि लुईस जोन्स हे समाजशास्त्रज्ञ त्यात बरोबरीने काम करत होते. दोघेही कृष्णवर्णीय. त्यांचे लेखन साठ वर्षे प्रसिद्ध झाले नाही. ते २००५ मध्ये पुस्तकरूपाने आले. गाणारा आपला, टिपणारा आपला आणि नाव मात्र तिसऱ्याचे! ही चोरी आपल्या ओळखीची आहे.

पैशाचीही तीच गत झाली. चेस रेकॉर्ड्स या कंपनीने मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, विली डिक्सन यांची गाणी जगभर नेली. पण गाण्यांच्या हक्काच्या पैशासाठी १९७० च्या दशकात या कलावंतांना कंपनीशी जोडलेल्या प्रकाशनसंस्थेविरुद्ध कोर्टात जावे लागले. विली डिक्सन यांनी पुढे १९८५ मध्ये लेड झेपलिन या जगप्रसिद्ध ब्रिटिश बँडवर खटला भरला आणि १९८७ मध्ये त्यांना तडजोड करायला लावली.

बहिष्कार, मतपेटी, महोत्सव

१९७८ पासून शिकागोत पालिकेच्या पुढाकाराने शिकागोफेस्ट नावाचा मोठा उन्हाळी संगीतोत्सव भरत होता. सरोवरातल्या नेव्ही पिअरवर, तिकीट लावून. १९८२ मध्ये महापौर जेन बर्न यांनी सार्वजनिक गृहनिर्माण मंडळावर गोऱ्या सदस्यांच्या नेमणुका केल्या आणि तिथले कृष्णवर्णीयांचे बहुमत मोडले. या घरांत राहणारे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते. घरे आमची, निर्णय तुमचे, असा तो व्यवहार होता.

समाजाने उत्तर दिले. जेसी जॅक्सन यांनी शिकागोफेस्टवर बहिष्कार पुकारला. स्टीवी वंडर यांनी आपला कार्यक्रम रद्द केला. ज्यांच्या गाण्यावर शहर नाचत होते, त्यांनी गाणे थांबवले. बहिष्कारातून तयार झालेली संघटित ताकद मग मतदार नोंदणीत उतरली. एक लाखाहून जास्त नवे कृष्णवर्णीय मतदार नोंदवले गेले. फेब्रुवारी १९८३ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांनी पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली या दोघांना हरवले. एप्रिलमध्ये ते शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. २९ एप्रिलला त्यांनी शपथ घेतली आणि ३० एप्रिलला मडी वॉटर्स गेले. मळ्यावरून आलेल्या गायकाने डोळे मिटले तेव्हा त्याच्या शहराची सूत्रे त्याच्याच समाजाच्या माणसाकडे होती.

पुढच्याच वर्षी, जून १९८४ मध्ये, वॉशिंग्टन प्रशासनाच्या काळात पहिला शिकागो ब्लूज महोत्सव ग्रँट पार्कमध्ये भरला. शहराच्या दर्शनी अंगणात आणि मोफत. त्याच काळात ५० पैकी २९ नगरसेवकांचा विरोधी गट महापौरांचे जवळपास प्रत्येक काम अडवत होता, हेही विसरू नका. सत्ता अर्धीच हातात असतानाही तिने मॅक्सवेल स्ट्रीटच्या गाण्याला ग्रँट पार्कात आणून बसवले.

गाण्याला मैदान, गल्लीला बुलडोझर

इथवर वाचून टाळ्या वाजवायच्या आणि उठायचे, असे करू नका. गोष्टीचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

नोव्हेंबर १९८७ मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचे पदावर असतानाच निधन झाले. १९८९ मध्ये त्यांनी हरवलेले रिचर्ड एम. डेली महापौर झाले आणि २०११ पर्यंत राहिले. महोत्सव बंद पडला नाही, त्यांच्या काळातही तो दरवर्षी भरत राहिला. पण १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार उठवला गेला. पुढच्या काही वर्षांत तिथल्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या. कलावंतांनी, अभ्यासकांनी, विक्रेत्यांनी विरोध केला, पण तो मोडून निघाला. जून महिन्यात ब्लूजला शहराची शान म्हणून मिरवणारी व्यवस्था ब्लूजची गल्ली जमीनदोस्त करत होती. संस्कृतीचा गौरव करायचा आणि संस्कृती निर्माण करणाऱ्यांची जागा काढून घ्यायची, या दोन गोष्टी प्रस्थापितांना एकाच वेळी सहज जमतात.

टिकले ते काय? विली डिक्सन यांनी 'ब्लूज हेवन फाउंडेशन' उभे केले होते. आपल्या हक्काच्या पैशाला मुकलेल्या कलावंतांना मदत करणे हे त्याचे काम. १९९२ मध्ये डिक्सन गेले. त्यानंतर १९९३ मध्ये त्यांच्या पत्नी मेरी डिक्सन यांनी २१२०, साउथ मिशिगन अव्हेन्यू ही इमारत विकत घेतली. ही तीच इमारत, जिथे चेस रेकॉर्ड्सचा स्टुडिओ होता. १९९७ पासून तिथे या संस्थेचे केंद्र आहे. गल्ली सरकारच्या हातात होती, ती गेली. इमारत स्वतःच्या नावावर झाली, ती राहिली.

आपण काय घ्यायचे?

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या गाण्याशी आपला काय संबंध? १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या आणि ड्यू बॉइस यांनी त्यांना उत्तरही दिले होते. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. हा संबंध जुना आहे. तो फक्त नावापुरता न ठेवता त्यातून कामाची पद्धत शिकली पाहिजे.

पहिली गोष्ट कलावंताच्या पोटाची. मोफत म्हणजे ऐकणाऱ्याला मोफत. शिकागोत गायकाचे मानधन आयोजक देतात. आपल्याकडे जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे बिल आधी भागते आणि शाहिराला 'समाजासाठी गा' असे सांगितले जाते. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची हजारो गीते यांच्यावर ही चळवळ गावोगाव पोहोचली. त्यांच्या वारसदारांना शाल आणि नारळावर परत पाठवणे हे मॅक्सवेल स्ट्रीटच्या टोपलीतल्या नाण्यांपेक्षाही वाईट आहे. वर्गणीच्या पावतीपुस्तकात पहिली तरतूद कलावंताच्या मानधनाची हवी.

दुसरी गोष्ट नोंदीची. वस्त्यांमध्ये आजही जुन्या गायकांच्या वह्या पेटीत पडून आहेत, कॅसेटी बुरशी खात आहेत. आपली गाणी आपणच ध्वनिमुद्रित केली पाहिजेत, गीतकाराचे नाव आणि हक्क लेखी नोंदवले पाहिजेत. नाहीतर उद्या एखादा लोमॅक्स येईल आणि वर्कचे नाव पुन्हा गाळले जाईल. समाजशास्त्र, संगीत, पत्रकारिता शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी हे काम हाती घ्यावे.

तिसरी आणि सर्वात मोठी गोष्ट जागेची. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जमणारा लाखोंचा जनसमुदाय दरवर्षी कुणाच्या तरी डोळ्यात खुपतो. गर्दी, कचरा, वाहतूक असे बहाणे असतात. खरा प्रश्न एवढाच असतो की या मैदानावर ही माणसे का? म्हणून तिथली पुस्तके, तिथली गाणी, तिथला मोफत प्रवेश यांचे रक्षण हा महाडचाच पुढचा भाग आहे. आणि सार्वजनिक मैदानासोबत स्वतःची वास्तूही हवी, तिच्यावर समाजाचे लक्षही हवे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेसची वास्तू पाडली गेली, ती आपण झोपेत असताना. मॅक्सवेल स्ट्रीट फक्त शिकागोत नाही.

गाण्याने क्रांती होत नाही, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. नुसत्या गाण्याने होत नाही हे खरे. पण १९८२ मध्ये गाणे थांबवण्याची ताकद दाखवली म्हणून मतपेटी भरली, मतपेटी भरली म्हणून मैदान मिळाले. पुढे सत्ता गेली तेव्हा गल्लीही गेली. नगरपालिका, जिल्हा परिषद, महानगरपालिका यांच्या सांस्कृतिक निधीत आपल्या शाहिराचा वाटा किती, हा प्रश्न पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. आपल्या माणसालाही विचारा.

जय भीम!