माळ, परवाना आणि आडवी बाटली

चारचौघांत बसून दारू प्यावी की नाही, याचे एकच उत्तर कोल्हापूर परिसराने कधी दिलेले नाही. कोण पितो, कुठे पितो आणि कुणासमोर पितो, यावर निवाडा ठरत आला. पंढरीची माळ गळ्यात पडली की मटण आणि दारू दोन्ही सुटत. माळकऱ्याच्या हाती ग्लास दिसला तर गावभर बोभाटा होई, तोच शेजाऱ्याच्या हाती दिसला तर लोक काणाडोळा करत. जत्रेला पै-पाहुण्यांसाठी बकरे पडले की तांबड्या-पांढऱ्या रश्श्याआधी आडबाजूला बाटली फुटे, पण थोरल्यांच्या नजरेआड. पापापेक्षा लाजेचा धाक मोठा होता. या बैठकीत बायका नसत. घरी परतलेल्या माणसाला सांभाळण्याचे काम मात्र त्यांच्याकडे असे.

तालमीत ही सवलत नव्हती. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले आणि पैलवानकी हा शहराचा अभिमान झाला. लंगोटाच्या पक्क्या गड्याला दारू वर्ज्य. तालमीतले सामुदायिक पेय म्हणजे थंडाई: भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी असा मसाला कुंडीत घालून दंडुक्याने घोटायचा, दूध घालून गाळायचा आणि जोर-बैठका झाल्यावर प्यायचा. एकत्र बसून पिण्याची हौस दारूवाचूनही भागते, हे इथे कुणाला वेगळे सांगावे लागले नाही.

सत्तेचा दारूशी संबंध नेहमीच सोयीचा राहिला. पेशव्यांनी आपल्या मुलखात दारू गाळण्यास मनाई केली, तरी पदरच्या ख्रिस्ती गोलंदाजांना सूट दिली. तोफा चालवणाऱ्यांशी वैर कोण घेणार? इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यातल्या दारूतून पद्धतशीर महसूल काढला. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये त्याला लेखी हरकत घेतली. 1908 मध्ये टिळकांच्या अनुयायांनी पुण्यातल्या गुत्त्यांसमोर निरोधन केले. त्यानंतर दारू न पिण्याला देशभक्तीचेही वजन आले.

संगतीने पिण्याचा प्रश्न थेट रंगमंचावर आणला तो राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ने (1919). वकिलीची सनद तात्पुरती गेल्याने खचलेल्या सुधाकरच्या हाती पहिला प्याला देतो तो तळीराम, म्हणजे जवळचाच माणूस. याच तळीरामाचे ‘आर्यमदिरामंडळ’ म्हणजे सभ्य मद्यपानाच्या युक्तिवादांची बोचरी थट्टा आहे. वीस वर्षांनी त्याच विषयाला कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने हसत हात घातला. अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांनी दिग्दर्शित केलेला ‘ब्रँडीची बाटली’ 1939 साली आला. त्यात दामुअण्णा मालवणकरांचा भाबडा कारकून आजाऱ्याच्या औषधासाठी ब्रँडी शोधत हिंडतो. त्याच वर्षी 1 ऑगस्टला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली.

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि 16 जूनला मुंबई दारूबंदी अधिनियम अमलात आला. एप्रिल 1950 पासून राज्यात संपूर्ण बंदी झाली. कायद्याने औषधाची वाट तेवढी उघडी ठेवली, म्हणजे प्रकृतीसाठी परवाना काढून पिता येई. मित्रांत बसून पिणाऱ्याला मात्र कायद्याच्या भाषेत जागाच नव्हती. त्याने आजारी तरी असावे, नाहीतर गुन्हेगार. परिणामी हातभट्ट्या फोफावल्या. काळा गूळ आणि नवसागर लागतो कशाला, हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि कोल्हापूर तर गुळाचीच पेठ. भट्टीची दारू विषारी निघाली तर मरणारा गरीबच असे.

पुढे बंदी सैल झाली आणि 1973 च्या नियमांनी देशी दारूला अधिकृत चौकट मिळाली. त्यामागे साखरेचेही अर्थकारण होते. एक टन उसामागे साधारण 40 किलो मळी निघते आणि मळीपासून मद्यार्क. पंचगंगा-वारणेच्या खोऱ्यातला ऊस असा गोड आणि कडू दोन्ही बाजूंनी पैसा देतो. मळीवर कारखान्याचे, करावर सरकारचे गणित बसत असताना दोघांनीही व्यसनमुक्तीच्या सभेत व्यासपीठावर बसावे, यात विसंगती आहेच. 1949 चा कायदा मात्र नाव बदलून अजून उभा आहे. कागदोपत्री पिणाऱ्याला आजही परवाना लागतो: एका दिवसाचा देशीसाठी 2 रुपयांचा, विदेशीसाठी 5 रुपयांचा, आणि आयुष्यभराचा 1000 रुपयांचा. तो खिशात ठेवून बारमध्ये बसणारे किती, हा भाग निराळा.

बैठकीत ज्यांना कधी विचारले गेले नाही, त्यांना मत मिळाले ते दुकान बंद करण्याच्या तरतुदीमुळे. 2008 च्या आदेशानुसार गावातल्या किंवा प्रभागातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात: दुकान हवे तर उभी बाटली, नको तर आडवी. मात्र आडवीला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात, नुसत्या झालेल्या मतदानाच्या नव्हेत. शेतावर गेलेली, माहेरी गेलेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरी थांबलेली बाई आपोआप दुकानाच्या बाजूने मोजली जाते.